पिंजऱ्याचे टाके

परभणीत माझी ओळख आता रीत पाळणारा माणूस अशी आहे. खंडेनवमीला हत्याराला हात न लावणारा मिस्त्री. नवं गिऱ्हाईक आलं की शेजारचा चहावाला माझ्यादेखत सांगतो, "हे आमचे चंद्रभान मिस्त्री. कलेक्टर आला तरी नवमीला वेल्डिंगचा होल्डर उचलनार न्हाईत." मी मान खाली घालून काम करत राहतो. लोकांना तो विनय वाटतो. गेल्या साली समाजाच्या मेळाव्यात याच गोष्टीसाठी मला फेटा बांधला. मी बांधून घेतला. नको म्हणालो असतो तर का नको, ते सांगावं लागलं असतं.

ते आज सांगतो.

माझं वेल्डिंगचं दुकान जिंतूर रस्त्याला आहे, पण मी मूळचा वालूरचा. वडील, सिताराम, वालूरचे लोहार. वर्षभर गावाचे झिजलेले फाळ शेवटून टोकदार करायचे, विळे-खुरपी पाजवायची आणि सुगीला बलुत्याच्या दाण्यांसाठी खळ्याखळ्यावर पोतं घेऊन उभं राहायचं. खळ्याचा मालक आधी बैलांना पाणी दाखवणार, पाहुण्याशी बोलणार, तंबाखू मळणार आणि मग लोहाराकडं बघणार. वडिलांबरोबर मीही उभा राहिलोय. गावचे मोठे जमीनदार आबासाहेब, त्यांच्या खळ्यावर सगळ्यात जास्त वेळ. मॅट्रिकला नापास झालो तेव्हा वडील म्हणाले, भाता सांभाळ. मी दुसऱ्या दिवशी परभणीची एस.टी. धरली आणि एका गॅरेजात वेल्डिंग शिकलो. आपण कोणाच्या दारात उभं राहायचं नाही, गिऱ्हाईकानं आपल्या दारात यायचं, एवढंच मला जिंदगीत करून दाखवायचं होतं. ते मी केलं.

उद्धव माझ्या वर्गातला. चार एकर कोरडवाहू आणि वाटेकरी भाऊ तीन, म्हणून तो आबासाहेबांच्या जीपवर ड्रायव्हर राहिला. जीप लष्कराच्या लिलावात घेतलेली, रंग उडालेली, पण चिखल म्हणू नका, ओढा म्हणू नका, कशाला हटत नव्हती. आबासाहेबांची निम्मी जमीन ओढ्यापलीकडं होती आणि पावसाळ्यात तिथं दुसरं कुठलंच वाहन पोचत नव्हतं. शहाऐंशीच्या श्रावणात ती जीप दरडीवरून ओढ्यात पलटी झाली. उद्धवनं वेळेवर उडी मारली. खांदा निखळला, तेवढ्यावर भागलं. पण माणूस आतून हादरला. घरी बायको हेमा आणि दोन लहान लेकरं होती.

महिन्याभरानं तो माझ्याकडं आला. खिशातून वहीचा चुरगळलेला कागद काढून माझ्यापुढं धरला. त्यावर त्यानं जीपचं चित्र काढलं होतं, शाळेत काढायचा तसंच वाकडं. नांदेड रस्त्याला तेव्हा कसल्याशा सर्व्हेवाल्यांचा तळ पडला होता. त्यांच्या जीपमध्ये आतून जाड पाइपांचा सांगाडा जोडलेला त्यानं पाहिला होता. काचेपाशी एक कमान, सीटच्या मागं दुसरी, दोन्हींना जोडणारे वरचे पाइप आणि चार पाय खाली चेसिसला बसवलेले.

"त्यांचा ड्रायव्हर म्हनला, गाडी तीनदा पलटली, आपल्याला खरचटलं बी न्हाई," उद्धव म्हणाला. "मी मालकाला सांगून टाकलंय. असला पिंजरा बसवा, न्हाईतर ही घ्या किल्ली."

आबासाहेब कबूल झाले, पण ड्रायव्हरचा जीव वाचावा म्हणून नव्हे. त्या साली ते सोसायटीचे चेअरमन झाले होते. पाइपाला धरून जीपमध्ये उभं राहता येईल, गावात शिरताना लोकांना हात करता येईल, पुढं झेंडा बांधता येईल, हा त्यांचा हिशेब. असू दे. कोणाच्या का कोंबड्यानं होईना, पिंजरा होणार होता.

उद्धव मापापुरती जीप घेऊन आला तेव्हा मी त्याला सीटवर बसवून मापं घेतली. टोपी घालून बसायला लावलं आणि वर चार बोटं जागा सोडली. मग त्याला नीट समजावून सांगितलं, "आता एक ध्यानात धर. पिंजरा बसल्यावर उडी मारायची न्हाई. बाहेर पडशील तर पाइपाखालीच येशील. गाडी कलली की स्टेअरिंग घट्ट धरायचं आन आत दबून बसायचं. पुढचं पिंजरा बघून घेतो."

"उडीची तर सवय लागली रे मला," तो हसला. "पन तू म्हनतोस तर बसंन."

"माझ्या भरोशावर बस," मी म्हणालो. हे माझेच शब्द आहेत, मला चांगले आठवतात.

पितृपंधरवड्यात नवं काम नको म्हणून आबासाहेबांनी गाडी घटस्थापना झाल्यावर पाठवली. दसऱ्याला पाहिजे, असा निरोपही त्याच खेपेला आला. पाइप वाकवणं हे घाईचं काम नाही. आत कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची, भट्टीत लाल करायचा आणि धीर धरून वाकवायचा. नाहीतर वाकणात तो चपटा होतो आणि उद्या तिथंच दगा देतो. दोन कमानींना चार दिवस गेले. एक दिवस नामांतराच्या मोर्चामुळं बाजार बंद राहिला. पुढचे दोन दिवस लाईटनं खाल्ले. होल्डर हातात घेतला की गुल, खाली ठेवला की हजर. अष्टमीला दुपारून लाईट टिकली तेव्हा मी जेवायलाही न जाता दिवस मावळेपर्यंत सगळा पिंजरा टाक्यांवर उभा केला.

टाका म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. सांधा जागेवर राहावा म्हणून दोन-तीन ठिकाणी वाटाण्याएवढा थेंब द्यायचा, तो टाका. सगळं मापात बसल्याची खात्री झाली की मग सांधा चहूबाजूंनी भरून घ्यायचा. शिंपी आधी कच्चा दोरा घालतो आणि नंतर मशीन मारतो, तेच हे. टाक्यांवरचा पिंजरा बघणाऱ्याला पक्काच वाटतो. हातानं हलवला तर हलत नाही. पण मार सोसायची ताकद त्यात नसते. चेसिसवरचे चार पाय आणि वरचे आठ सांधे भरायचे राहिले होते. लाईट असली तर दोन तासांचं काम.

दुसऱ्या दिवशी नवमी. सकाळी घण, हातोड्या, सांडशी, मशीन, होल्डर सगळं पुसून मांडलं. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. नवमीला पूजा मांडायची आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नारळ फोडूनच हत्यार उचलायचं, ही आमची रीत. वडिलांनी ती मरेपर्यंत पाळली. मी पाळत होतो ती सोयीनं. नवमीला कोणी अडलानडला आला की मी मशीनच्या पाया पडायचो, फूल बाजूला ठेवायचो आणि काम करून द्यायचो. देवाला पोटाचं कळतं असं माझं मत होतं. त्या दिवशीही तेच करणार होतो. उद्धव आठ वाजताच येऊन बाकड्यावर बसला होता. नऊला लाईट आली. मी होल्डरवरचं फूल उचलायला वाकलो आणि दुकानापुढं मोटार थांबली.

आबासाहेब उतरले. बरोबर व्यंकटराव होते, त्यांच्या सोसायटीतले, मालक हसले की हसणारे.

"झालं का न्हाई अजून?"

"दोन तास लागतेल, आबासाहेब. बसा."

त्यांनी मागची कमान धरून हिसका दिला. ती जागची हलली नाही. "पक्कं तर हाय की. उगं कशाला वेळ काढायलास?"

"नुसते टाके हायत. भरून घ्यायचं ऱ्हायलंय."

ते व्यंकटरावांकडं वळले. "याचा बाप बी असाच. फाळ टाकला की चार चकरा मारायच्या. आन सुगीला मातर समद्याच्या आधी पोतं घेऊन हजर. एका साली मी म्हनलं, सिताराम, आधी नाचून दाव, मंग दाने. नाचला की हो म्हातारा!"

व्यंकटराव हसले.

ते मला सांगायची गरज नव्हती. मी तिथं होतो. नऊ-दहा वर्षांचा असेन. वडिलांनी पोतं खांद्यावर टाकलं, दोन्ही हात वर केले आणि कडब्याच्या गंजीपुढं दोन-चार पावलं नाचले. खळ्यावरचे लोक हसले म्हणून तेही हसले. घरी येताना वाटेत म्हणाले, "मायला सांगू नको." मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. आणि आता माझ्या दुकानात, माझ्या मशीनपुढं, वडिलांच्या घणावर वाहिलेलं फूलही सुकलं नव्हतं, तेव्हा तो माणूस ते हसत सांगत होता.

"उरक, उरक," आबासाहेब म्हणाले. "उद्या बोरीच्या पुढं देवीच्या डोंगरावर गाडी चढवायचीय. आजवर कुनाची चढली न्हाई. उचल ती तुझी हत्यारं."

मी ताठ उभा राहिलो. "आज नवमी हाय. आज हत्यार उचलत न्हाई. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी या."

आबासाहेबांनी एकदा मशीनकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. दुसरं काही कारण दिलं असतं तर त्यांनी मला आईबहिणीवरून बोलून काम करून घेतलं असतं. पण मधे हळद-कुंकू वाहिलेली हत्यारं होती आणि देवाला ते भीत होते. माझ्या दारात ते अडले. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, तेवढं सुख मला दुकानाच्या उद्घाटनालाही झालं नव्हतं.

थोडा वेळ ते मिशीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. उभा हाय न्हवं पिंजरा, बास झालं. उद्धव, काढ गाडी."

उद्धव बाकड्यावरून उठला. जीपपाशी गेला, पाइपावर हात ठेवला आणि माझ्याकडं वळला. "चंद्रभान, चालंल ना रे असं?"

नेऊ नको. एवढे दोनच शब्द होते. तोंडाशी आले होते, हेही खरं. पण आबासाहेब तिथं उभे होते. उद्धवला थांबवायचं म्हणजे पुन्हा त्यांच्याशी बोलणं आलं, अजीजी आली, कदाचित मग करूनच द्यावं लागलं असतं. आत्ता कुठं मी एकदा वरचढ ठरलो होतो. ते मला सोडवेना.

"मला काय इचारतोस?" मी म्हणालो. "तुझ्या मालकाला इचार."

उद्धव माझ्याकडं बघून किंचित हसला, जीपमध्ये बसला आणि निघून गेला.

दसऱ्याला संध्याकाळी मी लोकांना सोनं वाटत फिरत होतो तेव्हा बातमी आली.

चार दिवसांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून जीप माझ्या दुकानात आणली, कारण आणखी कुठं न्यायची ते कोणाला सुचलं नाही. बरोबर व्यंकटराव होते, कोपराला पट्टी बांधलेले. त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गाडी डोंगर चढली. देवीपुढं नारळ फुटला, आबासाहेबांचा जयजयकार झाला. उतरताना जीपमध्ये आठ जण होते, पाइपांना लोंबकळून. एका वळणाला पावसानं धुपलेली कड खचली आणि गाडी कलली.

"आमी समद्यांनी उड्या टाकल्या," व्यंकटराव म्हणाले. "आबासाहेबांनी बी टाकली. कुनाचा हात खरचटला, कुनाचा गुडघा, बास. मी उद्धवला वरडलो, उडी टाक! तर तो आम्हालाच वरडायलाय, 'उतरू नका, आत दबून बसा, पिंजरा हाय!' स्टेअरिंग सोडलंच न्हाई त्यानं."

पहिल्याच पलटीला चारही पाय चेसिसवरून सुटले. मागची कमान पुढं आली आणि त्याच्या मानेवर बसली. मी चार दिवस धीर धरून वाकवलेला पाइप. वाकणात तो कुठं चपटा झालेला नव्हता, आपटल्यावरही नाही. टाके मात्र सगळे तुटले होते. तुटल्या जागा चकचकीत दिसत होत्या. मी त्यांवरून बोट फिरवलं.

पिंजरा नसता तर उद्धवनं उडी मारली असती. त्याला सवय होती.

पंचनाम्यात ड्रायव्हरच्या हयगयीनं अपघात असं आलं. टाके कच्चे होते का पक्के, हे मला कोणी विचारलं नाही. मी वाट बघत होतो. कोणीतरी येऊन कानशिलात द्यावी असं वाटायचं. त्याऐवजी लोक येऊन मला नमस्कार करायला लागले. सुरुवात आबासाहेबांनीच केली होती. गावात, सोसायटीत, लग्नाकार्यात ते कानाची पाळी धरून सांगत, "मिस्त्रीनं नवमी पाळली. मीच आगाव, अर्धं काम घेऊन आलो. देवीनं दाखवलं मला." त्यांची त्यात सोय होती. कोप देवीचा, बळी नशिबाचा, आणि आपण कान धरला की मोकळे. माझीही सोयच होती. मी गप्प बसलो. त्यानंतर प्रत्येक नवमीला माझं शटर सकाळपासून खाली असतं. आता रीत मी खरोखर पाळतो. न पाळून सांगू कोणाला?

हेमा आली ती दिवाळी झाल्यावर. निराधारांच्या पगाराच्या कागदासाठी कलेक्टर कचेरीत आली होती, तिथून चालत माझ्या दुकानाकडं आली. कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. मी बाकडं पुसून दिलं, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. ती पाणी प्यायली. लेकरांचं विचारलं तर म्हणाली, बरी हायत. तिनं काही विचारायच्या आधी मीच बोललो.

"वहिनी, नवमी आडवी आली. माझा इलाज न्हवता."

तिनं तांब्या हळूच खाली ठेवला. "मला बी तेच वाटलं भाऊजी. नवमीच्या दिवशी हे घरी आले तवा म्हनले, मिस्त्रीनं आज हत्यार उचललं न्हाई, काम अर्धं ऱ्हायलं. माझ्या काळजात धस्स झालं. मी म्हनले, मंग उद्या डोंगरावर जाऊ नका. मालकाला सांगा, पोटात दुखायलंय. तर हसायलेत."

"काय म्हनला?"

"म्हनले, येडी का खुळी तू. चंद्रभान कुठं पाळतोय नवमी? दोन सालाखाली नवमीलाच मी त्याच्याकडून ट्रॉलीचा हूक जोडून आनलाय. मालक त्याच्या बापाबद्दल वंगाळ बोलले, मनून त्यानं त्यांला आडवलं. आडवायलाच पायजे होतं. पन मला त्यानं जाऊ दिलं ना? पिंजरा कच्चा असता तर त्यानं मला गाडीत बसूच दिलं नसतं, चाकापुढं आडवा झोपला असता."

रस्त्यानं एक रिक्षा भोंगा वाजवत गेली. हेमा ती जाईपर्यंत थांबली आणि मग माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "मनून इचारायला आले. खरंच पाळता का हो भाऊजी तुमी नवमी?"

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला फक्त कळून घ्यायचं होतं की तिचा नवरा बरोबर बोलला होता की चुकीचं.

"पाळतो," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "मंग त्यांचंच चुकलं," ती म्हणाली, पिशवी उचलली आणि एस.टी. स्टँडाकडं चालायला लागली.